विचारा बिनधास्त: हाडं, ओझं आणि मटणाची नळी

मागच्या अंकात मी जाता जाता लिहून गेले होते की हाड म्हणजे सिमेंटचा खांब नव्हे, ते रोज थोडं पाडलं जातं, थोडं बांधलं जातं, आणि कुठे पाडायचं कुठे बांधायचं हे त्याच्यावर पडणाऱ्या जोरावरून ठरतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. (केस गळतीवाल्यांनो, पुढच्या अंकात नक्की.) नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, मी ५८ वर्षांची, वसंत विहारला राहते. गेली बारा वर्षं रोज पहाटे आम्ही चौघीजणी उपवन तलावावर चालायला जातो, पाऊस असला तरी छत्री घेऊन जातो पण चुकवत नाही. परवा मुलीने मागे लागून डेक्सा (हाडांची घनता मोजायची) टेस्ट करायला लावली तर खुब्याचा टी स्कोअर, म्हणजे तरुण हाडाच्या तुलनेतला आकडा, मायनस २.१ आला. हाडं विरळ व्हायला लागलीयेत म्हणे. मग बारा वर्षं चालले ते फुकट गेलं का?

उत्तर: फुकट अजिबात नाही गेलं. हृदय, साखर, झोप, तोल आणि चौघींच्या गप्पा, सगळ्याला ते कामी आलंय. पण हाडाचं कसं असतं सांगते. रात्री पंखा चालू असतो तेव्हा त्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही ना, आणि लाइट गेली की लगेच जाग येते. तुमच्या हाडांना तुमचं चालणं आता त्या पंख्यासारखं झालंय. बारा वर्षं तोच रस्ता, तोच वेग, तेवढाच जोर, त्यात त्यांना नवीन काही कळतच नाही. बंद केलंत तर मात्र लगेच कळेल, म्हणून बंद करू नका.

आता हाडाला कळतं म्हणजे कोणाला कळतं, तर ऑस्टिओसाइट नावाच्या पेशींना. हाडातल्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त याच असतात, हाडाच्या आत चिणल्यासारख्या बसलेल्या, आणि प्रत्येकीचे बारीक बारीक हात केसाहून पातळ बोगद्यांमधून शेजारणींपर्यंत पोचलेले. या बोगद्यांमध्ये पाणी असतं. आपण उडी मारली, जिना चढलो की हाड किंचित वाकतं (किंचित म्हणजे जोरदार धावपळीतही मीटरभर लांबीला एक-दोन मिलिमीटर इतकंच) आणि स्पंज दाबल्यावर होतं तसं ते पाणी एका बाजूकडून दुसरीकडे सरकतं. ते सरकलं की पेशींना समजतं की इथे जोर पडतोय. एरवी या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडत असतात, ते म्हणजे बांधकामावरचा ब्रेक. जोर आला की त्या भागात हा ब्रेक सैल होतो आणि बांधकामवाल्या पेशी कामाला लागतात. हे नुसतं पुस्तकी नाहीये, हाच ब्रेक अडवणारं रोमोसोझुमॅब नावाचं इंजेक्शन २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालं.

यातली खोच अशी की पाणी सरकतं ते जोर बदलताना. नुसतं दाबून धरलं तर एकदाच सरकून गप्प बसतं. १९८४ साली रुबिन आणि लॅनियन या दोघांनी कोंबड्याच्या पंखाच्या हाडावर प्रयोग केला होता, मला तो फार आवडतो, वर्गात दरवर्षी सांगायचे. एरवी त्या हाडावर काहीच जोर येणार नाही अशी व्यवस्था करून बाहेरून यंत्राने मोजून धक्के द्यायचे. एकही धक्का दिला नाही तर हाड झिजलं. दिवसाला फक्त ४ दिले तर झीज थांबली. ३६ दिले तर हाड चांगलं वाढलं. मग ३६० दिले, १८०० दिले, तर वाढ ३६ एवढीच! म्हणजे दोन मिनिटांच्या आत हाडाला जे ऐकायचं ते ऐकून झालं होतं, पुढचं सगळं त्याच्या डोक्यावरून गेलं. त्यांनीच दुसऱ्या प्रयोगात सतत एकसारखा दाब ठेवून बघितला तर हाड असं झिजलं की जणू दाब नव्हताच. पुढे उंदरांवर असंही दिसलं की ३६० धक्के एका दमात देण्यापेक्षा मध्ये काही तास सोडून ९०-९० चे चार हप्ते केले तर हाड जास्त बनतं. मधल्या वेळात त्याचे कान परत उघडतात म्हणा ना.

आता तुमचा तासभराचा वॉक बघा. चालताना पायाला जमिनीकडून मिळणारा जोर आपल्या वजनाच्या सव्वापटीच्या आसपास, धावताना अडीचपट वगैरे, उडी मारून उतरताना त्याहून जास्त. तुम्ही सव्वापटीचे हजारो धक्के रोज देताय, हाडाला हवे होते थोडे पण मोठे.

आणि दुसरी गोष्ट, जी तुमच्या हातात नव्हती, ती म्हणजे पाळी जाणं. इस्ट्रोजेन असतं तोवर हाड पाडणाऱ्या पेशींना लगाम असतो, ते गेलं की पहिल्या पाच-सात वर्षांत काही बायकांचं वीस टक्क्यांपर्यंत हाड जातं. तेव्हा मायनस २.१ चा सगळा दोष उपवनच्या माथी मारू नका. मायनस २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, तुम्ही अलीकडे आहात.

करायचं काय, तर वजन उचलायचं. हो, या वयात. ऑस्ट्रेलियात शंभरेक बायकांवर एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला, सगळ्या पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या, सरासरी वय पासष्टच्या आसपास. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा तास खरंखुरं जड वजन, जमिनीवरून बार उचलणं, खांद्यावर घेऊन बैठका, डोक्यावर ढकलणं, आणि दांड्याला लटकून धप्पकन उतरणं. निम्म्यांना घरी करायचा हलका व्यायाम. आठ महिन्यांनी पहिल्या गटाचं कमरेच्या मणक्यांचं हाड २.९ टक्के वाढलं, दुसऱ्याचं १.२ टक्के घटलं. फक्त हे सगळं त्यांनी ट्रेनर डोळ्यांसमोर उभा ठेवून, हळूहळू वजन वाढवत केलं होतं. तुम्ही उद्याच घरातला गॅस सिलिंडर उचलू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, ड जीवनसत्त्व तपासा, मणक्यात आधीचं बारीक फ्रॅक्चर नाही ना हे बघून घ्या (असेल तर पुढे वाकून उचलायचे प्रकार बंद), मग एखादा चांगला फिजिओ गाठा. तोवर उपवनला जाताना लिफ्ट सोडा आणि जिना धरा, एवढं तर आजपासून होईल.

प्रश्न: मॅम, वय ३१, ऐरोलीला आयटीत आहे. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनसाठी ऑगस्टपासून पाम बीच रोडला रनिंग चालू केलं. ५ किलोमीटरवरून सहा आठवड्यांत १८ वर गेलो, एकदम भारी वाटत होतं, मग नडगीत एका ठिकाणी बोट लावलं तरी कळ यायला लागली. एक्स-रे क्लीअर, एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर. तुम्हीच लिहिता जोर दिल्याने हाड मजबूत होतं. मग माझं मोडलं कसं?

उत्तर: कारण हाड मजबूत करायची पहिली पायरी ते खणण्याची असते. आपल्याकडे रस्ता सुधारायचा म्हटला की काय होतं, आधी खोदून ठेवतात, मग काही दिवस बॅरिकेड, एकच लेन, आणि कधीतरी नवीन रस्ता. हाडाचं अगदी तसंच आहे, फरक इतकाच की हाडाचा कॉन्ट्रॅक्टर काम पूर्ण करतो. पळण्याने हाडात सूक्ष्म भेगा पडतात, सगळ्यांच्याच पडतात. त्या जागी पाडणाऱ्या पेशींची टोळी येते आणि तेवढा भाग पोखरून बोगदा काढते, याला साधारण तीन आठवडे. मागून बांधणाऱ्या पेशी येतात, त्यांना भरायला तीन-चार महिने, आणि भरलेला माल पूर्ण कडक व्हायला त्याहूनही वेळ. म्हणजे नवीन व्यायाम सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून पुढचे काही आठवडे तुमची नडगी आधीपेक्षा कमजोर असते, आणि नेमकं तेव्हाच दम वाढलेला असतो, पोटऱ्या तयार झालेल्या असतात, ग्रुपवर सगळे अंगठे दाखवत असतात, म्हणून आपण किलोमीटर वाढवतो. तुम्ही खोदलेल्या रस्त्यावरून ट्रक नेलात. रागवत नाहीये, पण ५ वरून १८ सहा आठवड्यांत म्हणजे जरा अतीच.

हा आजार जुना आहे. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कवायतीनंतर पाय सुजून दुखणाऱ्या सैनिकांबद्दल लिहून ठेवलं, पण कारण त्याला दिसणार कुठून, एक्स-रेचाच शोध १८९५ चा. आणि एक्स-रेलाही सुरुवातीला दिसत नाहीच, तुमचाही क्लीअर आला तो त्यामुळेच. बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी दुखतंय म्हणून ज्यांनी पुढे एमआरआय करायला लावला त्यांना चहा पाजा.

आता डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे पळणं बंद म्हणजे बंद, या जानेवारीला नमस्कार करा. आणि एक विचारते, वजन कमी करायचं म्हणून जेवणही कमी केलं होतं का हो? बांधकामाला माल लागतो. पळणाऱ्या पोरींनी तर हे विशेष लक्षात घ्यावं, पळायला लागल्यापासून पाळी चुकायला लागली असेल तर ते फिटनेसचं लक्षण नाहीये, तो हाडांसाठी धोक्याचा इशारा आहे.

प्रश्न: मॅडम, मी नेरुळला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलं की आयफेल टॉवर माणसाच्या मांडीच्या हाडावरून डिझाइन केलाय. खरंय का? की नेहमीचं?

उत्तर: अर्धं नेहमीचं, अर्धं खरं, आणि खरं अर्धं फॉरवर्डपेक्षा जास्त मजेशीर आहे.

१८६६ च्या सुमाराची गोष्ट, गाव झुरिक. तिथे हेर्मान फॉन मायर नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक हाडं उभी चिरून आतली जाळी बघत होते. मांडीचं हाड वरच्या टोकाला वाकडं होऊन खुब्यात बसतं ना, तिथे आतमध्ये हाडाच्या बारीक पट्ट्यांच्या कमानी असतात, एका बाजूने येणाऱ्या आणि दुसऱ्या बाजूने येणाऱ्या एकमेकींना छेदत जातात. त्याच गावात कार्ल कुलमान हे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक, ग्राफिक स्टॅटिक्सवाले (म्हणजे जोरांचं गणित रेषा काढून सोडवणारे), तुझ्या सिलॅबसमध्ये त्यांचं नाव नसलं तरी पद्धत आहेच. त्यांनी ही चित्रं बघितली आणि म्हणाले, अहो या तर माझ्या क्रेनच्या रेषा आहेत! वाकलेल्या क्रेनच्या टोकाला वजन टांगलं तर आत दाब कुठून कुठे जातो आणि ताण कुठून कुठे, त्या रेषा काढल्या की जवळपास हेच चित्र मिळतं. मायरनी ते १८६७ साली छापलं. मग बर्लिनचे सर्जन युलिउस वोल्फ यांनी हा धागा पकडून वीसेक वर्षं लावून धरला आणि १८९२ साली हाडांच्या रूपांतराच्या नियमावर अख्खं पुस्तक लिहिलं, अजूनही त्याला वोल्फचा नियम म्हणतात.

आता आयफेल. टॉवरचा पहिला आराखडा १८८४ साली ज्याने काढला तो मॉरिस केखलिन हा याच कुलमानचा झुरिकमधला विद्यार्थी. म्हणजे हाड बघून टॉवर काढला नाही, हाड ज्याने ओळखलं त्याच्या हाताखाली टॉवरवाला शिकला. फॉरवर्डवाल्यांनी मधली दोन माणसं गाळून टाकली.

वोल्फ मात्र जरा वाहवत गेला असं माझं मत आहे. त्याला वाटलं हे गणितासारखं तंतोतंत आहे. पण कुलमानच्या क्रेनला स्नायू नव्हते, आणि खुब्यावर खरा जोर स्नायूंचाच जास्त असतो, आणि हाड काही एकाच मटेरियलचा भरीव बीम नाही. त्यामुळे रेषा सगळीकडे काटकोनात भेटतात वगैरे खऱ्या हाडात बघायला गेलं तर जुळत नाही. कल्पना बरोबर, अचूकतेचा दावा चुकीचा. हल्ली बरेच जण नियम न म्हणता नुसतं हाडाचं जुळवून घेणं म्हणतात.

तुला स्वतःला बघायचं असेल तर रविवारी मटण आणायला जाशील तेव्हा मांडीची नळी वरच्या गोळ्यासकट, न तोडता मागून घे. मटणवाला विचित्र बघेल, बघू दे. घरी उकळ, मांस खरवडून काढ, आणि हॅकसॉ ब्लेडने हळूहळू उभी चीर (आईच्या विळीवर प्रयोग करू नकोस, मी केलाय, बोलणी खाल्लीत). मग गरम पाण्यात कपड्याची पावडर टाकून जुन्या टूथब्रशने मज्जा आणि चरबी घासून काढ, दोन-तीनदा करावं लागतं, वास येतो, खिडकी उघडी ठेव. दोन दिवस उन्हात वाळव आणि खिडकीसमोर तिरपी धर. मधला दांडा सरळ पाइप, पोकळ, जाड भिंत, आणि वर गोळ्याकडे जाताना भिंत पातळ होत होत तिच्यातून धाग्यांसारखे पडदे सुटलेले आणि कमान करून गोळ्याखाली पसरलेले दिसतात. बोकड कोवळा असेल तर गोळ्याखाली आडवी रेघही दिसेल, ती वाढीची पट्टी, रेषा शोधताना तिला कमान समजू नकोस. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा लेक्चर द्यायला लागून सहा वर्षं झाली होती आणि तोवर चित्रावरूनच शिकवत होते, लाज वाटली थोडी.

दांडा पोकळ का हे तुला मी काय सांगू, मोमेंट ऑफ इनर्शिया तूच मला शिकव. तेवढाच माल मध्यापासून लांब नेला की वाकायला कठीण. हाडालाही हे जमतं, म्हातारपणी आतून भिंत झिजत जाते तेव्हा बाहेरच्या अंगाला थोडा थोडा थर चढत राहतो, पाइप पातळ होतो पण रुंद होतो. झीज पूर्ण भरून निघत नाही, पण म्हातारं हाडही आपल्या परीने हिशेब मांडत असतं.

प्रश्न: बाई, तुर्भ्याहून लिहितोय. वडील माथाडी कामगार, मार्केटात ३१ वर्षं पाठीवर गोण्या वाहिल्या. आता ६६ वय. मान आणि कंबर पार गेली आहे. ओझ्याने हाड मजबूत होतं हे वाचून वडील हसले, म्हणाले मग माझं का नाही झालं. त्यांना काय सांगू?

उत्तर: त्यांना आधी माझा नमस्कार सांगा. आणि सांगा की हाडं बहुतेक झालीच असतील, दुखतंय ते दुसरंच असणार. मणका म्हणजे हाड, पण दोन मणक्यांमधली गादी म्हणजे हाड नव्हे. हाडाला भरपूर रक्त मिळतं, पाडून परत बांधायची सोय आहे. गादीला मोठेपणी जवळजवळ रक्तच मिळत नाही, गुडघ्याच्या कूर्चेलाही नाही, तिथे एकदा झिजलं की दुरुस्तीवाला येत नाही. एकाच ओझ्याने हाड घडतं आणि शेजारची गादी चेपते. हे मी मागच्याच अंकात लिहायला हवं होतं, तुमच्या वडिलांनी बरोबर पकडलं.

पण हाडं कामाचं लक्षात ठेवतात हे खरंय, आणि जिथे काम पडतं तिथेच ठेवतात. टेनिसवाल्यांचे दोन्ही दंड मोजले होते १९७७ साली, एकच माणूस, एकच जेवण, एकच रक्त, तरी खेळणाऱ्या हाताच्या हाडाची भिंत दुसऱ्यापेक्षा पुरुषांत ३५ टक्के आणि बायकांत २८ टक्के जाड. आपल्या उकिडवं बसण्याचंसुद्धा हाडावर चिन्ह राहतं, घोट्याच्या पुढे दोन हाडं टेकतात तिथे छोटे सपाट खळगे पडतात, लाहोरला शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स या डॉक्टरने पंजाबातल्या लोकांच्या हाडांवरून हे १८९३ मध्ये लिहिलंय.

आणि माझा सगळ्यात आवडता अभ्यास २०१७ चा, केंब्रिजचा. मध्य युरोपात सात हजार वर्षांपूर्वी शेती सुरू झाली त्या काळातल्या बायकांच्या दंडाची हाडं त्यांनी आजच्या होडी वल्हवणाऱ्या पट्टीच्या खेळाडू मुलींशी ताडून बघितली. आकाराच्या मानाने त्या शेतकरणींची हाडं ११ ते १६ टक्के जास्त भक्कम निघाली. वल्हं मारणाऱ्या मुली आठवड्याला वीसेक तास सराव करतात, तरी! कारण काय असावं तर दळण. दगडावर दगड मागे-पुढे घासून रोज तासन्‌तास धान्य दळायचं, वर मातीकाम, कापणी, पाणी आणणं. हे वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली, जात्याचा खुंटा धरलेला तिचा उजवा हात. त्या हाताची कोणी मोजमापं घेतली नाहीत कधी. बायकांच्या कामाला काम म्हणायला संशोधकांनाही २०१७ उजाडलं, कारण तोवर बायकांची हाडं पुरुषांच्याच हाडांशी ताडून बघत होते आणि म्हणत होते काही विशेष दिसत नाही.

तुमच्या वडिलांबद्दल एकच काळजी आहे, दोन वर्षांपासून घरीच बसून असतात असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ३१ वर्षं जे हाड पोत्याच्या हिशोबाने बांधलं गेलं त्याला आता पोतं दिसत नाहीये, ते जास्तीचा माल मोडीत काढायला लागतं. कंबरेच्या डॉक्टरांना विचारून त्यांना रोज उठवा, चालवा, जिन्याची एक फेरी, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं. गोणी नको.

प्रश्न: माजिवड्याला राहते, मुलगा ८ वर्षांचा. दिवसभर सोफ्यावरून उड्या. खालच्या मजल्यावरचे काका दोनदा येऊन गेले आणि सासूबाई म्हणतात उड्यांनी उंची खुंटते.

उत्तर: काकांची बाजू मला समजते, सासूबाईंची नाही. उंची खुंटत नाही. उलट सहा ते नऊ वर्षांच्या आसपासच्या मुलांना ६१ सेंटिमीटर उंच खोक्यावरून आठवड्यातून तीन दिवस शंभर शंभर उड्या मारायला लावल्या, सात महिने, तर खुब्यातलं हाड उड्या न मारणाऱ्या मुलांपेक्षा साडेचार टक्क्यांनी जास्त भरलं. वयात येण्याच्या आगेमागे हाड जेवढं ऐकतं तेवढं पुढे कधीच ऐकत नाही, विशीपर्यंत जवळजवळ सगळी पुंजी जमा झालेली असते. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यांवर एक अभ्यास आहे, खेळ सोडून कित्येक दशकं झाली तरी फेकण्याच्या हाताच्या हाडाला तरुणपणी जी जास्तीची रुंदी मिळाली होती तिच्यातली निम्मी म्हातारपणीही शिल्लक होती. संध्याकाळी त्याला खाली सोडा, लंगडी, दोरीच्या उड्या, मल्लखांब, काहीही. काकांनाही जरा शांतता.

प्रश्न: माझ्या सातवीतल्या मुलीच्या दातांना तारा लावल्यात. दात हाडात घट्ट असतो तर तो सरकतो कसा? हाड फाटतं का? (कळवा)

उत्तर: फाटत नाही. दात आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांचा पातळ पदर असतो. तार ज्या बाजूला ढकलते तिथे पदर दबतो आणि पुढचं हाड विरघळवलं जातं, मागच्या बाजूला पदर ताणला जातो आणि तिथे नवीन हाड भरतं. म्हणजे दात खड्ड्यासकट सरकतो. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, म्हणून दीड-दोन वर्षं लागतात, डेंटिस्ट मुद्दाम लांबवत नाहीत. तारा काढल्यावर रिटेनर मात्र लावायचाच, मागचं हाड आणि धागे अजून कच्चे असतात. माझ्या भाच्याचा रिटेनर हॉटेलात टिश्यूत गुंडाळून ठेवला तो ताटाबरोबर गेला, चार महिने कोणाला सांगितलं नाही, पुढचे दोन दात आता परत एकमेकांवर चढलेत.

प्रश्न: मॅडम मी खारघरला सहावीत शिकतो. शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवर गेले होते तेव्हा सर म्हणाले की अंतराळात हाडं विरघळतात. मग ते परत आल्यावर उभे कसे राहिले?

उत्तर: कारण ते जून-जुलै २०२५ मध्ये तीनेक आठवडेच होते, तेवढ्यात फार काही जात नाही. सहा महिने राहणाऱ्यांचं मात्र बघावं लागतं, खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का जाऊ शकतं. वरच्या पहिल्या प्रश्नातल्या आजींचं वर्षात जेवढं जात असेल तेवढं तिथे महिन्यात. आणि गंमत बघ, सगळ्या अंगाचं सारखं जात नाही. जमिनीवर जे हाड जास्त भार घेतं, खुबा, पाय, कंबर, त्याचंच जास्त जातं, कवटीला काही होत नाही, कारण तिच्यावर इथेही कोणी उभं राहत नव्हतं. निघालेलं कॅल्शियम लघवीतून जातं म्हणून मुतखड्याचीही भीती असते.

म्हणून तिथे जिम आहे. पण तिथे डंबेल तरंगणार, त्याचं वजनच नाही, मग २००८ पासून एक मशीन आहे ज्यात वजनाऐवजी हवा काढून टाकलेले सिलिंडर असतात, दट्ट्या ओढला की ते मागे खेचतात, २७० किलोपर्यंतचा जोर लावता येतो. सुई नसलेल्या सिरिंजचा दट्ट्या आत ढकल, तिचं तोंड बोटाने घट्ट बंद कर आणि दट्ट्या मागे ओढून बघ, काहीसं तसं.